पुढचीं चाकें

गेल्या महिन्यांतील पहिल्या रविवारीं सकाळीं मी आमच्या जीपच्या पोटाखालीं उताणा पडलों होतों. एका हातांत ग्रीसगन, दुसऱ्या हातांत चिंधी, कपाळावर काळ्या तेलाचें गंध, आणि अंगांत असा एक सदरा, कीं जो आमच्या सौभाग्यवतींनीं तीन वेळां बोहारणीपुढें टाकला व बोहारणीनें तीनहि वेळां परत केला. आमची नात शेजारीं बसून मागेन तो पाना हातांत देत होती. अशा वेळीं अंगणांत चार पाय येऊन थांबले. मोटारीखालून माणसाचे पायच काय ते दिसतात. आणि पायांवरून पाहुणा ओळखण्याची विद्या मला साधलेली नसल्यामुळें, “दूधवाले असाल तर पातेलें ओट्यावर आहे,” असें मीं तेथूनच सांगितलें. ते पाय माझ्या एका शाळासोबत्याचे व त्याच्या पत्नीचे निघाले! पुण्याच्या एका मोठ्या कारखान्यांतून निवृत्त झालेला हा गृहस्थ तुळजापुरास देवीच्या दर्शनाला आला होता, आणि तसाच पुढें नळदुर्गास आमच्याकडे डोकावला होता.

चहा होईपर्यंत त्यानें जीपभोंवतीं एक प्रदक्षिणा घातली. “अरे, हें धूड अजून तुझ्याकडे आहेच?” त्यानें विचारलें. त्याचा जन्म हिशेब तपासण्यांत गेलेला. त्यानें लगेच बोटांवर मोजण्यास सुरुवात केली: पेट्रोल इतकें, सुटे भाग इतके, दर पांच वर्षांनीं गाडीची तपासणी व नोंदणीचें नूतनीकरण, त्याची फी इतकी. “सरकारनेंसुद्धां १ एप्रिल २०२३ पासून स्वतःच्या पंधरा वर्षांपुढील गाड्या मोडींत काढावयाच्या ठरविल्या, आणि तूं ही साठ वर्षांची म्हातारी पाळून बसला आहेस! पुण्यास असल्या गाड्यांचे शौकीन आहेत. रंग देऊन, चकचकीत करून रविवारीं मिरवितात. चांगली किंमत येईल.” मी कांहींच बोलत नाहींसें पाहून शेवटीं तोच म्हणाला, “बाकी छंद म्हणून ठीक आहे, म्हणा!”

“होय, छंदच,” मीं म्हटलें.

छंद हा शब्द मोठा सोयीचा आहे. तो उच्चारला म्हणजे पुढें कोणी कांहीं विचारीत नाहीं. परंतु पाहुण्यांची गाडी वळणाआड गेल्यावर मी परत आलों, तों नात जीपच्या पुढच्या फळीस अडकविलेली वही उघडून बसली होती. “आजोबा, हें पहिल्या पानावरचें अक्षर तुमचें नाहीं,” ती म्हणाली. तिनें तें मोठ्यानें वाचलें: “२ ऑक्टोबर १९९३. पुढचा शाफ्ट गाडीस नाहीं. माळ्यावर आहे.” आणि मग तिनें साहजिकच विचारलें, “तो माळ्यावर काय करीत होता?”

जें पाहुण्यास सांगितलें नाहीं तें नातीला सांगावें लागलें. तेंच आज वाचकांनाहि सांगतों.

ही जीप माझ्या काकांची. काका डॉक्टर होते. नळदुर्ग हें सोलापूर–हैदराबाद सडकेवरचें गांव. बोरी नदी, तिच्या कांठीं अफाट किल्ला, किल्ल्यांतील बंधाऱ्याच्या पोटांत बांधलेला पाणीमहाल, हें सारें पाहावयास लोक दुरून येतात. परंतु सडक सोडून दोन मैल आंत शिरलें, कीं काळी जमीन लागते. आणि काळी जमीन पावसाळ्यांत कोणाचाहि मुलाहिजा ठेवीत नाहीं. काकांचे रोगी बहुधा त्या दोन मैलांच्या पलीकडेच राहत.

जीप ही वस्तु काकांनीं प्रथम पाहिली ती १९४८ सालीं. तेव्हां ते वीस वर्षांचे होते, आणि निजामी राजवटीच्या त्या अखेरच्या, रझाकारांच्या दिवसांत आमच्याकडील अनेक कुटुंबांप्रमाणें आमचेंहि कुटुंब सोलापुरास जाऊन राहिलें होतें. १३ सप्टेंबरला मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालील हिंदी फौज सोलापुराहून याच सडकेनें हैदराबादच्या रोखानें निघाली. बोरी नदीवरचा पूल शाबूत हातीं आला, नळदुर्ग पहिल्याच दिवशीं पडलें, आणि पांचव्या दिवशीं, १७ सप्टेंबरला, सारें प्रकरण मिटलें. काका कांहीं दिवसांनीं घराचें काय झालें तें पाहावयास परत आले, तेव्हां फौजेच्या जीपगाड्या सडक सोडून सरळ चिखलांतून जात–येत होत्या. “बैल जेथें बसला असता, तेथून तीं पोरें हंसत गाडी काढीत होतीं,” असें ते सांगत. डॉक्टर व्हावयाचें त्यांचें आधींच ठरलें होतें; कोणती गाडी घ्यावयाची तें त्या दिवशीं ठरलें.

या गाडीचा जन्म युद्धांतला. अमेरिकन लष्करासाठीं १९४० सालीं तिचा नमुना तयार झाला, आणि पुढें युद्ध संपेपर्यंत विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर काढल्या. आपल्याकडे १९४५ सालीं निघालेल्या महिंद्र अँड महंमद या कंपनीचें नांव १९४८ सालीं महिंद्र अँड महिंद्र झालें; कारण भागीदार गुलाम महंमद हे पाकिस्तानांत गेले व तेथील पहिले अर्थमंत्री झाले. या कंपनीनें मुंबईस माझगांव येथें विलीज जीपची जोडणी सुरू केली, व पुढें ती गाडी येथेंच बनूं लागली. आमची गाडी ‘सीजे ३ बी’ जातीची. हिच्या यंत्रांत हवा आंत घेणाऱ्या झडपा वरच्या बाजूस बसविल्यामुळें यंत्राची उंची वाढली. म्हणून हिचें नाकहि उंच आहे. काकांनीं ती १९६८ सालीं सरकारी लिलांवांत घेतली. तेव्हां ती चार वर्षांची होती.

आतां या गाडीचें वैशिष्ट्य घरांतील मंडळींस कळेल अशा रीतीनें सांगतों. साध्या मोटारींत यंत्राचा जोर दोनच चाकांस मिळतो. उरलेलीं दोन नुसतीं फरफटत जातात. जीपमध्यें गिअरच्या दांडीशेजारीं आणखी दोन लहान दांड्या असतात. त्यांतील एक ओढली, कीं एका लांब लोखंडी शाफ्टवाटे पुढच्या चाकांनाहि जोर मिळूं लागतो. दुसरी ओढली, कीं वेग कमी होऊन जोर वाढतो. जात्यावर एकटी दळीत असतां दुसरीनें येऊन खुंट्याला हात लावावा, तसा हा प्रकार आहे. मात्र हा दुसरा हात कोरड्या पक्क्या सडकेवर लावावयाचा नसतो. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांहून लांब वाट चालावी लागते, आणि दोन्ही जोड्या एकमेकींशीं जखडलेल्या असल्या, कीं त्यांची आंतल्या आंत ओढाताण होऊन दांते व सांधे झिजतात. मऊ जमिनींत चाकें थोडीं घसरतात, म्हणून तेथें हा तंटा आपोआप मिटतो.

याच कारणास्तव काकांचा एक नेम होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं ते जीप घेऊन नदीपलीकडच्या आमच्या शेतांत जात, पुढचीं चाकें जोडीत, आणि नांगरटींतून दोन फेऱ्या मारून परत येत. उन्हाळा असो, दुष्काळ असो, चिखल औषधालाहि नसो, हा नेम चुकत नसे. लहानपणीं मला त्याची गंमत वाटे. मोठेपणीं त्याचें कारण समजलें. पेटींतलें तेल तळाशीं बसतें. वरचे दांते कोरडे राहून गंजतात. सांध्यांतील ग्रीस सुकून त्याची खपली होते. दांडीची खीळ आपल्या जागीं धरून बसते. वर्षभर ज्याची आठवण काढली नाहीं, तो दांता आषाढांतल्या एका रात्रीं हांक मारल्याबरोबर उठून येत नाहीं.

१९९० च्या सुमारास काकांची दृष्टि मंद झाली आणि जीपच्या किल्ल्या माझ्या हातीं आल्या. मी तेव्हां येथील शाळेंत गणित शिकवीत होतों. आखाती युद्धाचे दिवस, पेट्रोल महागलेलें. एका मिस्त्रीनें सहज सुचविलें, “सर, पुढचा शाफ्ट काढून ठेवा. तुम्हांला कुठें लागतो? उगाच फिरत राहतो आणि पेट्रोल खातो.” पुष्कळ जीपवाले असें करीत. काम अर्ध्या तासाचें. मीं गणित मांडलें. महिन्याकाठीं दोन लिटर पेट्रोल वाचेल असें उत्तर आलें. (तें उत्तरहि चुकलेलें होतें. चाकांबरोबर आंसांतील दांते फिरावयाचे ते फिरतातच. नुसता शाफ्ट काढून वाचतें तें अगदीं थोडें.) शाफ्ट काढला, गोणपाटांत गुंडाळला आणि माळ्यावर ठेवून दिला.

काकांना मीं हें सांगितलें नाहीं. मुद्दाम लपविलें असें त्या वेळीं मला वाटलें नव्हतें. सांगावयाचें राहून गेलें, इतकेंच. पण पहिल्या रविवारीं ते ओट्यावर बसून विचारीत, “पुढचीं चाकें फिरविलींस ना रे?” मी शेतापर्यंत जाऊन आलेला असें. मी म्हणें, “हो काका, फिरलीं.” आणि तें खोटें नव्हतें! गाडी चालली म्हणजे पुढचीं चाकें फिरणारच. अश्वत्थाम्याच्या बाबतींत धर्मराजानें जें अर्धें सत्य सांगितलें, त्याच जातीचें हें उत्तर. त्यानंतर धर्मराजाचा चार अंगुळें वरून चालणारा रथ जमिनीला टेकला, असें म्हणतात. माझा जमिनीच्या आंत गेला. तो असा:

२९ सप्टेंबर १९९३ रोजीं अनंतचतुर्दशी होती. गणपति पोंचवून लोक उशिरां निजले होते. पहांटे चार वाजावयास चार मिनिटें असतां धरणी हालली. आमच्याकडे फळीवरचीं भांडीं खालीं आलीं, भिंतीला एक उभी भेग पडली, आणि आम्ही सारे अंगणांत येऊन उभे राहिलों. सकाळपर्यंत बातम्या येऊं लागल्या. किल्लारी, सास्तूर, होळी, पेठसांगवी, तळणी: गांवांचीं नांवें मोजतां मोजतां बोलणारा थांबे. आमच्या भागांतील जुनीं घरें दोन–दोन हात रुंद दगडी भिंतींचीं. दगड मातींत बसविलेले, आणि वर जाड मातीचें माळवद. ऊन आंत येऊं नये म्हणून पूर्वजांनीं केलेली ही सोय त्या पहांटे झोंपलेल्या माणसांच्या अंगावर आली. सरकारी मोजदादींत मृतांची संख्या जवळजवळ आठ हजार भरली. उस्मानाबाद आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील ५२ गांवें पुढें नव्या जागीं वसवावीं लागलीं.

काका पासष्ट वर्षांचे होते. त्यांनीं पहिल्याच दिवशीं बॅग भरली. दोन दिवस आम्ही सास्तूरच्या बाजूस जात–येत होतों. सडक पक्की होती. जीप धांवत होती. मग पाऊस सुरू झाला. पडलेल्या घरांवर, उघड्यावर बसलेल्या माणसांवर, कोणाचाहि विचार न करतां तो पडत होता. तिसऱ्या दिवशीं, २ ऑक्टोबरला, सकाळीं एका मुलानें येऊन सांगितलें, कीं ओढ्यापलीकडच्या वस्तीवर एक शेतकरी भिंतीखालीं पाय सांपडून पडला आहे. त्याला बाहेर काढलें, पण तेथून हलविलें नाहीं, कारण वस्तीवर गाडी येत नाहीं. काका म्हणाले, “आमची येईल.”

हे दोन शब्द मी अजून विसरलों नाहीं. शेजारीं बैलगाडी उभी होती. तिच्या मालकानें ती देऊं केली होती. “नको,” काका म्हणाले, “जीपनें लवकर होईल.” मी चाकावर हात ठेवून बसलों होतों. त्या क्षणीं तरी मीं बोलावयास हवें होतें. पण दोन दिवस कोठें अडलें नव्हतें, ओढाहि फारसा खोल नव्हता, निघून जाईल असें वाटलें. शिवाय इतक्या माणसांपुढें काकांना काय सांगावयाचें? मीं गाडी सुरू केली.

ओढा आम्ही ओलांडला. पलीकडच्या चढावर काळ्या मातींत मागचीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं. “पुढचीं लाव,” काका म्हणाले. मीं दांडी ओढली. दांडी मुकाट्यानें आली. तिला काय ठाऊक! “आतां दुसरी,” काका म्हणाले. तीहि ओढली. मागच्या चाकांचा जोर वाढला, आणि तीं आणखी एक वीत खालीं गेलीं. आंस चिखलाला टेकला. काका उतरले. त्यांनीं पुढच्या चाकांकडे पाहिलें. तीं स्वच्छ, स्थिर उभीं होतीं. मग त्या वयांत, त्या पावसांत ते गुडघ्यांवर बसले आणि गाडीखालीं पाहूं लागले. तेथें जें असावयास हवें होतें तें नव्हतें.

“शाफ्ट कोठें आहे?”

“माळ्यावर.”

ते एक शब्द बोलले नाहींत. बॅग खांद्यास लावली, सलाइनच्या बाटल्यांची पेटी त्या मुलाच्या डोक्यावर दिली, आणि चालूं लागले. चपला चिखलांत रुतूं लागल्या तेव्हां त्या हातांत घेतल्या. मी तेथेंच राहिलों. बैलांच्या दोन जोड्या आणून जीप चढावर घेईपर्यंत दोन तासांहून अधिक वेळ गेला. वर माळाची मुरमाड जमीन होती; तेथून वस्तीपर्यंत गाडी सहज गेली. काकांनीं पाय फळीला बांधून ठेवला होता, धनुर्वाताची सुई दिली होती, आणि ते त्या माणसाच्या उशाशीं बसून वाटेकडे पाहत होते.

सोलापूरच्या रुग्णालयांत त्या शेतकऱ्याचा पाय गुडघ्याखालीं कापावा लागला. तो वांचला. तेथील डॉक्टर काकांस म्हणाले, “थोडें आधीं आणलें असतें, तर कदाचित् पाय राहताहि.” थोडें म्हणजे किती? तीन दिवस तो तसाच पडला होता. त्यांत माझे दोन तास किती भरतात? मी गणिताचा शिक्षक. पण हें उदाहरण मला कधींच सुटलें नाहीं. उत्तर शून्यहि असेल. तें शून्य आहे असें मला म्हणतां येत नाहीं, एवढेंच.

घरीं येतांच काकांनीं एक कोरी वही काढली, आणि वर दिलेली ती एक ओळ लिहिली. रागाचा शब्द नाहीं कीं उपदेश नाहीं. दिवाळी झाल्यावर एके दिवशीं म्हणाले, “माळ्यावरचा शाफ्ट खालीं घे.” सांध्यांतील सुयांसारख्या बारीक बेअरिंगा गंजल्या होत्या, सोलापुराहून नवे क्रॉस आणले. बसविण्याचें काम त्यांनीं माझ्याकडूनच करविलें. स्वतः पाटावर बसून पाहत राहिले. शाफ्ट दोन भागांचा असतो व एक भाग दुसऱ्यांत सरकतो. दोहोंवर बाणाची एकेक खूण असते. त्या खुणा समोरासमोर याव्या लागतात. माझ्याकडून एका दांत्याचा फरक पडला. पुढचीं चाकें जोडून शेतांतल्या वाटेनें निघालों, तों गाडीचा वेग थोडा वाढतांच सारा सांगाडा थरथरूं लागला. “उतर. पुन्हां काढ,” काका म्हणाले. मग त्यांनीं समजावून सांगितलें: तिरप्या शाफ्टच्या एका टोंकाचा सांधा एकसारखा फिरत नाहीं, एका फेऱ्यांत दोनदां पुढें धांवतो, दोनदां मागें रेंगाळतो. दुसऱ्या टोंकाचा सांधा बरोबर त्याच्या उलट वागून ती चूक भरून काढतो. पण खुणा जुळल्या असल्या तरच. नाहीं तर दोघांच्या चुकांची बेरीज होते.

त्या संध्याकाळीं हात धुतांना मीं धीर करून म्हटलें, “काका, माझें चुकलें. शाफ्ट काढावयास नको होता.”

“शाफ्ट काढलास त्याचें कांहीं नाहीं,” ते म्हणाले. “गाडी आहे, आज एक भाग नसेल, उद्यां दुसरा नसेल. पण मीं विचारलें तेव्हां तूं ‘नाहीं’ म्हटलें असतेंस, तर मी बैलगाडीनें निघालों असतों.”

त्या विषयावर ते पुढें सोळा वर्षें जगून पुन्हां कधीं बोलले नाहींत. त्यांना जाऊन आज बरींच वर्षें झालीं. परंतु गाडीच्या निगराणीविषयीं मला जें कांहीं समजलें आहे तें सारें त्या वाक्यांत आहे. यंत्र नादुरुस्त असणें हा अपराध नव्हे. तें दुरुस्त आहे असा दुसऱ्याचा समज राहूं देणें हा अपराध होय. घरांतील जुनी जीप काय, विहिरीवरचा पंप काय, किंवा संकटांत उपयोगी पडूं असें ज्यांना आपण सांगून ठेवलें आहे तें आपलें स्वतःचें वचन काय, त्यावर कोणी तरी विसंबून बैलगाडी परत पाठवीत असतो.

म्हणून ती वही. तिला आमच्या घरीं ‘नाहींची वही’ म्हणतात. गाडीचें काय काय चालत नाहीं, तेवढेंच तींत लिहावयाचें. आणि किल्ली घेणाऱ्यानें तें वाचल्याशिवाय फाटकाबाहेर पडावयाचें नाहीं. सध्यां तींत तीन नोंदी उभ्या आहेत: वेगाचा कांटा प्रत्यक्षाहून पांच जास्त दाखवितो, हातब्रेक चढावर भरंवशाचा नाहीं, टपाच्या डाव्या कोपऱ्यांतून पाणी गळतें. पहिल्या नोंदीवर काकांनीं नोव्हेंबर १९९३ मध्यें रेघ मारून शेजारीं ‘बसविला’ असें लिहिलें आहे. खाडाखोड केलेली नाहीं. खालची ओळ अजून स्वच्छ वाचतां येते. तीच नातीनें वाचली.

महिन्याच्या पहिल्या रविवारचा कार्यक्रम ठरलेला आहे. गिअरची पेटी, तिच्यामागची जोर वाटून देणारी पेटी, पुढचा आंस, मागचा आंस, अशा चार ठिकाणचें तेल वेगवेगळें पाहावयाचें. ओढ्यांतून गाडी गेली असेल तर थेंबभर तेल बोटावर घेऊन तें दुधाळ झालें आहे काय तें तपासावयाचें. झालें असल्यास आंत पाणी शिरलें आहे असें समजून सारें बदलावयाचें. शाफ्टच्या सांध्यांना आणि कमानपाट्यांच्या खिळींना ग्रीस द्यावयाचें, तें जुनें काळें ग्रीस बाहेर येऊन नवें दिसूं लागेपर्यंत. पुढच्या चाकांच्या गोल सांध्यांवरची फेल्टची पट्टी पुसावयाची. ती फाटली कीं धूळ आंत जाते व ग्रीस बाहेर येतें. बॅटरीच्या टोंकांवर चढलेली बुरशी गरम पाण्यानें धुवावयाची. अलीकडे एक नवें काम वाढलें आहे. पेट्रोलांत आतां २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतील पाणी ओढून घेतें आणि जुन्या रबराला मानवत नाहीं. म्हणून मीं पेट्रोलच्या साऱ्या नळ्या व पंपाचा पडदा बदलून घेतला, आणि गाडी फार दिवस उभी राहावयाची असेल तर टांकी अर्धवट ठेवीत नाहीं. या जातीच्या गाड्या आपल्याकडे पुढें अनेक वर्षें बनत राहिल्यामुळें सुटे भाग अजून मिळतात. सारें आटोपलें, कीं शेतांत जाऊन दोन फेऱ्या. त्या वेळीं नात खालीं उतरून पुढच्या चाकांकडे पाहत उभी राहते, आणि तीं माती उडवूं लागलीं म्हणजे हात वर करते. मला दिसतें आहे यावर तिचा विश्वास नाहीं. आणि तें योग्यच आहे.

राहतां राहिला तो शेतकरी. वस्ती आतां नव्या जागीं आहे, तेथवर डांबरी सडक गेली आहे. कृत्रिम पायानें तो बरींच वर्षें हिंडला. आतां थकला आहे, मुलाच्या दुकानांत बसून असतो. वर्ष–दोन वर्षांनीं माझें तिकडे जाणें होतें. दर वेळीं तो आलेल्या गिऱ्हाइकांना सांगतो, “ह्ये गुरुजी अन् त्यांचे डाक्टर काका. त्या चिखलांत जीप घालून आले म्हणून मी हाय.” आणि दर वेळीं मी चहा पिऊन परत येतों. त्याच्या ‘नाहींच्या वहींत’ माझी नोंद झालेली नाहीं. कारण ती मीं त्याला कधीं सांगितलीच नाहीं. तीस वर्षांहून अधिक काळ त्यानें माझे आभार मानले, आणि मीं ते घेतले. काकांनीं विचारलेल्या प्रश्नाला दिलेलें तें जुनेंच उत्तर मी अजून दुसऱ्या माणसाला देत आहें, हें मला त्या रविवारीं नातीपुढें बोलतां बोलतां उमगलें. सगळें ऐकून घेतल्यावर तिनें एवढेंच विचारलें होतें, “मग हें त्यांना माहीत आहे?”

हा लेख छापून आला, तर तो अंक घेऊन मी तिकडे जाणार आहें. त्याला वाचतां येत नाहीं. मीच वाचून दाखवीन. तो काय म्हणेल तें मला सांगतां येत नाहीं. जीपनेंच जाईन. सडक आतां चांगली आहे, पुढचीं चाकें लागणार नाहींत. पण निघण्यापूर्वीं तीं एकदां जोडून पाहीन.